घट्ट पाणी

थोरल्या भावाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी शपथ मी विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथं, उभं राहून, चार माणसांदेखत घेतली होती. आमचं गाव राहात्याहून कोल्हारकडे जाताना लागतं. तिथं अशी शपथ घेतली की ती माणसाच्या नावाला चिकटते. पुढं लोक विसरू म्हटलं तरी विसरू देत नाहीत.

कारण विहीरच होती. वाटणी झाली तेव्हा विहीर दादाच्या हिश्श्यात गेली आणि मला वरचं रान आलं. वडील बाजेवर बसले होते. मी तोंड वाकडं केलं तसं दादा म्हणाला, "विहीर माझ्याकडं ऱ्हाईली तरी पानी निम्मं तुझं. माझा शब्द हाय." वडिलांनी मान हलवली आणि विषय संपला. पुढं वडील गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पाण्याची माझी पाळी मागायला गेलो, तर दादा बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "कसली पाळी?" त्या दोन शब्दांवर मी ती शपथ घेतली आणि शेती सोडली. गुऱ्हाळावर ढेपा उचलण्यापासून सुरुवात केली आणि राहात्याच्या बाजारात गुळाची दलाली करू लागलो. लोक म्हणतात, भावानं डावललं म्हणून वर आलास. असेल. पण म्हणून मी त्याचे आभार मानावेत असं मला कधी वाटलं नाही.

येणं-जाणं मात्र मी तोडलं नाही. त्याच्याकडं लग्न असो, बारसं असो, मी वेळेवर हजर असायचो. फक्त जाताना पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून न्यायचो. वहिनी दारातच म्हणायच्या, "आलात का भाऊजी विहीर खांद्याला लावून?" पंगतीत एकदा कुणीतरी मला डिवचलं, "पानी पीत न्हाई म्हनता, मग ही आमटी काय नुसत्या तेलाची हाय?" मी म्हटलं, "आमटी खायची आसती, प्यायची न्हाई. मी भुरकत न्हाई, भाकरीत कुस्करतो." सगळी पंगत हसली. दादाही हसला. तो हसला याचाच मला जास्त राग आला.

दुष्काळाचं साल होतं. पाऊस दगा देऊन गेला होता आणि उन्हाळा नुकताच लागला होता. दादा दावणीला बैल बांधता बांधता खाली बसला तो उठलाच नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि वाचा बसली. गुळाच्या ट्रकमध्ये गादी टाकून मी त्याला नगरला नेलं. दवाखान्यात त्याच्या नाकातून नळी घातली आणि पातळ पेज त्या नळीतून पोटात सोडू लागले. काही दिवसांनी त्यानं डाव्या हातानं ती नळी ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. शेवटी डॉक्टर म्हणाले की तोंडानं घेता येतंय का ते बघू.

वहिनींनी चमचाभर पाणी त्याच्या ओठाला लावलं. गिळलं असं वाटलं, आणि मग असा ठसका लागला की चेहरा काळानिळा झाला. डोळे पांढरे झालेले बघून मला वाटलं, आता संपलं. डॉक्टरांनी त्याला पुढं वाकवलं, पाठ थोपटली, तेव्हा श्वास आला.

मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, "बोलंल का हा?"

"बोलेल. सावकाश येईल वाचा. पण त्यासाठी आधी जगला पाहिजे. आता याला पाण्यापासून धोका आहे." मग त्यांनी समजावलं. घशात अन्नाची वाट आणि श्वासाची वाट शेजारी शेजारी असतात. गिळताना श्वासाची वाट झाकली जाते, पण याचं ते झाकण आता उशिरा पडतं. पाणी पातळ, ते झाकण पडायच्या आत धावतं आणि छातीत शिरतं. छातीत पाणी साचलं की ताप येतो आणि माणूस हातचा जातो. "म्हणून पातळ काही द्यायचं नाही. पाणी, दूध, चहा, सगळं घट्टसर करून द्या. बसवून द्या, हनुवटी खाली ठेवून. आडवा असताना एक थेंब नको."

"घट्टसर म्हंजे किती?"

"पातळ नको आणि गोळाही नको."

"साहेब, एवढ्यावर मी गूळसुद्धा घेत न्हाई."

ते हसले. "ठसका लागला तर पातळ आहे असं समजा. घशात अडकलं तर जास्त घट्ट आहे. मधलं तुम्ही शोधा."

मी ते काम अंगावर घेतलं. राहात्याचा धंदा दुसऱ्यावर टाकून रोज भावाच्या घरी का जाऊन बसत होतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथं सांगतो. वडील गेले होते. पाण्याचा शब्द ऐकलेली दोनच माणसं उरली होती, तो आणि मी. तो तसाच गेला असता तर माझा शब्द एकट्याचा राहिला असता, आणि एकट्याच्या शब्दाला बाजारातही कुणी विचारत नाही. मला तो जगायला हवा होता, त्याची वाचा यायला हवी होती, आणि त्यानं एकदा माझ्या तोंडाकडं बघून म्हणायला हवं होतं की व्हय, मी बोललो हुतो. डॉक्टरांनी 'बोलेल' म्हटलं त्या क्षणी मी मनात सौदा धरला होता. भावाची माया होती की नव्हती, हे तेव्हा मी तपासलं नाही.

जेवणाचा प्रश्न लवकर सुटला. ज्वारीचं पीठ ताकात कालवून, आंबवून, शिजवून आंबील करतात, ती घट्ट ठेवली की त्याला चालायची. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या परदेशी ज्वारीची, मिलोची, केली तर नाक वाकडं करायचा, म्हणून मी बाजारातून आपली ज्वारी आणायचो. हुलग्याचं पीठ शिजवून केलेलं माडगं चालायचं, पण गाळून. पंचाईत तहानेची होती. आंबिलीनं भूक भागते, तहान भागत नाही. ऊन वाढत होतं. दादा माठाकडं बघायचा आणि डाव्या हाताचा अंगठा ओठाला लावायचा. ओठांना चिरा पडल्या होत्या.

पाणीच घट्ट करायचं, हे मग आम्ही धरलं. लहान पोरांना आणि उपासाला देतात ती तवकीर आणली. थोड्या गार पाण्यात कालवायची, उकळत्या पाण्यात सोडायची, ढवळत राहायचं, की पाणी चकाकायला लागतं आणि जड होतं. पण निवल्यावर ते आणखी घट्ट व्हायचं. पहिल्या दिवशी वडीच झाली. दुसऱ्या वेळी भीत भीत केलं तर नुसतं पाणी राहिलं आणि ठसका लागला. वहिनी रडायला लागल्या, "मला न्हाई जमनार भाऊजी. माझ्या हातनं मरायचे हे."

तेव्हा मी स्वयंपाकघरात शिरलो. गुऱ्हाळाच्या काहिलीतला पाक कुठवर आलाय, हे मी पळीवरून पडणाऱ्या धारेवर ओळखतो. गुऱ्हाळावर असताना तेच शिकलो. पळी भरून वर धरायची. रस असला की सळसळ धार पडते. काकवी झाली की धार संथ होते, पट्टीसारखी उतरते आणि खाली पडल्यावर क्षणभर तिची वळी, दोरीच्या वेटोळ्यासारखी, दिसते. त्यापुढं गेलं की तार येते. मी वहिनींना सांगितलं, "निवल्यावर काकवीसारखं पडलं पायजे. वळी दिसली पायजे आन् लगेच मोडली पायजे. मोडली न्हाई तर द्यायचं न्हाई." त्या दिवशी दादानं बसून, उशांना टेकून, हनुवटी खाली घालून अख्खी वाटी संपवली. एकदाही खोकला नाही. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. तहान भागलेल्या माणसाचा चेहरा मी तोवर इतक्या जवळून बघितला नव्हता.

माणसाला सगळ्यात हलकं काय वाटतं, तर पाणी. आल्यागेल्याला आधी तेच देतात. त्याच पाण्याची मला तिथं बसून धास्ती वाटायची. वाटीतला एकेक चमचा त्याच्या कंठाशी जायचा, कंठमणी वर जाऊन खाली यायचा, आणि तेवढा वेळ मी माझा श्वास धरून असायचो. शेतात निम्म्या पाण्यासाठी भांडलो, आणि इथं चमच्यानं पाणी मोजून घालत होतो. असे विचार सौदा करणाऱ्याला बरे नसतात. मी ते झटकून टाकायचो.

एकदा दुपारी मी आलो तर दादा खोकत होता. वाटी बघितली, तवकिरीचं पाणी सुटून अगदी पातळ झालेलं. माझं डोकं फिरलं. "गवळ्यागत पानी घातलंत का त्यात? दया आली व्हय नवऱ्याची?"

वहिनींनी पदर खोचला. "घातलं आसंल तर माझं हात झडतील. आन् भाऊजी, आवाज चढवायचा तर तुमच्या बाजारात चढवा. हितं पेशंट हाय."

"मग पातळ कसं झालं?"

"मला काय ठावं? सकाळी तुमच्यादेखत काकवी हुती."

मी खोटं बोलणारी माणसं रोज बघतो. वहिनी खोटं बोलत नव्हत्या. मग मी एकाच भांड्यातलं पाणी दोन वाट्यांत ओतलं. एका वाटीला हात लावला नाही. दुसरीतून दादाला भरवलं, तोच चमचा पुन्हा वाटीत, पुन्हा तोंडात. थोड्या वेळानं बघतो तर उष्ट्या चमच्याची वाटी सुटायला लागलेली आणि न शिवलेली जशीच्या तशी. थुंकी लागली की तवकीर पातळ होते! त्या दिवसापासून मोठ्या वाटीतून लहान वाटीत थोडं थोडं काढून घ्यायचं ठरलं. वहिनी म्हणाल्या, "जन्मभर ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवले, आता ह्यांचा उष्टा चमचासुदिक न्यारा." मग माझ्याकडं बघून, "माझं इमान तपासून झालं का? का आजून तोलायचंय?" मी लहान वाटी उचलून त्यांच्यापुढं धरली. तराजूत त्या जिंकल्या होत्या.

खरं संकट आत्याबाईच्या रूपानं आलं. कोल्हारची आमची आत्या, वडिलांची थोरली बहीण. भाचा जायला टेकलाय असं तिच्या कानावर गेलं होतं. आमच्याकडं जाणाऱ्याच्या तोंडात आपल्या माणसानं पाणी घालायचं असतं. तेवढ्यासाठी माणसं कुठून कुठून येतात. ज्याच्या तोंडात पाणी घातलं नाही त्याचं मरण वाईट धरतात. आत्याबाई प्रवरेचं पाणी तांब्यात भरून, वर तुळशीचं पान ठेवून, एस.टी.नं आली आणि थेट बाजेकडं निघाली. मी आडवा आलो.

"आत्याबाई, त्याला पानी द्यायचं न्हाई."

"सर बाजूला. माझा भाचा हाय त्यो."

"पानी छातीत जातंय. मरंल त्यो."

"मरतोयच की! म्हनून तर आनलंय!"

"मरत न्हाई त्यो. मी मरू देत न्हाई."

आत्याबाईनं तांब्या खाली ठेवला आणि दारातल्या बायांकडं वळून हात वर केले. "बघा गं बायांनो! हिरीचं पानी मिळालं न्हाई म्हनून ह्यो भावाला पान्यावाचून मारतोय! घोटभर पानी घालू देत न्हाई तोंडात! वैरी बरा की रे मेल्या!"

तोंड सुटल्यावर मीही कमी नव्हतो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाचं एकच मत झालं, की धाकट्यानं विहिरीचा सूड काढला. पारावर मला कुणी रामराम घातला नाही. ज्यांच्यादेखत मी शपथ घेतली होती, ते चौघंही त्यात होते. सगळा हिशेब त्यांना इतका सोपा वाटला की कुणी एकदा येऊन वाटीत बघितलंसुद्धा नाही.

गावाचं मी मनावर घेतलं नसतं. पण मी रागानं बाहेर गेलो होतो तेवढ्यात आत्याबाईनं दादाच्या कानाशी तोंड नेलं होतं. वाचा गेली होती, कान शाबूत होते. दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन बसलो तर त्यानं दात आवळले.

"दादा, घे."

त्यानं मान फिरवली. वहिनींनी भरवून बघितलं, तरी नाही. वाटीत काय आहे ते कुणी केलंय, कुणाच्या सांगण्यावरून केलंय, हे त्याला माहीत होतं. दुपारपर्यंत त्याचा घसा कोरडा पडला, श्वास घरघरू लागला. माठाकडं बोट करायचा आणि माझ्याकडं असा बघायचा, की तसं माझ्याकडं आयुष्यात कुणी बघितलेलं नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, देऊ का साधंच? घोटभर? आसं तळमळत ठिवन्यापरीस..."

"न्हाई."

मग मी त्याच्यासमोर बाजेच्या कडेला बसलो. "दादा, तुला वाटतंय मी तुला मारतोय. मला तुला मारायचं आसतं तर तांब्याभर पानी दिलं आसतं की रे. फुकटात काम झालं आसतं."

तो ऐकत होता. सौदा ऐकणारा माणूस कसा ऐकतो ते मला कळतं. मग त्यानं डावा हात उचलला, माझ्या हातातली वाटी धरली आणि ती हळूहळू माझ्याच तोंडाकडं ढकलली.

वहिनींच्या लगेच लक्षात आलं. "तुमी आधी घ्या म्हनतात ते."

त्या वाटीतलं पाणी त्याच्या विहिरीचं होतं. तळाशी राहिलेलं, चार पोहरे टाकल्यावर एक भरणारं. माझा फिरकीचा तांब्या शेजारी उभा होता. दादानं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. विष आहे का हे त्याला बघायचं होतं की माझी शपथ मोडायची होती, हे आजही मी सांगू शकत नाही. बहुतेक दोन्ही. बाजेवर पडून, अर्ध्या अंगानं, एक शब्द न बोलता त्यानं मला अशा जागी आणून बसवलं होतं, की तसं बाजारात कधी कुणाला जमलं नाही.

मी चमचा भरला. वर धरला, धार सोडली. वळी पडली आणि मोडली.

"हे पानी न्हाई," मी म्हटलं. "हे प्यायचं नसतं, खायचं आसतं."

आणि मी ते खाल्लं. तवकिरीला चव नसते. खाली विहिरीची ती खारट चव मात्र होती, लहानपणी पोहऱ्याला तोंड लावून प्यायचो तीच. ती मला इतकी ओळखीची लागली की दुसरा चमचा घेताना हात थांबला.

दादाच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. तो हसत होता. मग त्यानं तोंड उघडलं. मी स्वच्छ चमचा घेतला आणि भरवायला लागलो. त्याच्या कंठाकडं बघत होतो, म्हणून माझ्या डोळ्यांचं काय झालं ते वहिनींनीच बघितलं. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार.

दादा जगला. पावसाळा आला, त्या वर्षी बरा आला. वाचा तुकड्यातुकड्यानं परतली. आधी शिव्या आल्या, मग बैलांची नावं, मग माणसांची. घट्ट पाणी हळूहळू सैल करत आणलं. दिवाळीच्या आसपास तो साधं पाणी घोट घोट, हनुवटी खाली घालून, घेऊ लागला. मी वाट बघत होतो. सौद्याला घाई करायची नसते.

एका सकाळी तो ओट्यावर उन्हाला बसला होता. वहिनी शेंगा निवडत होत्या. मी विचारलं, "दादा, वाटनीच्या वक्ताला तू बापाम्होरं बोलला हुतास, हिरीचं निम्मं पानी माझं म्हनून. आठवतंय?"

त्यानं डाव्या हातानं एक शेंग उचलली, परत टाकली. मग जड जिभेनं म्हणाला, "न्हाई... आठवत." आणि थोडं थांबून, "पन तू म्हनतोस... तर आसंल. घे... पाळी."

समोरचा खरं बोलतोय की नाही, हे मी चेहऱ्यावरून ओळखतो. माझं पोट त्यावर चाललं आहे. पण त्याचं अर्धं तोंड पडलेलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यावरून मला काही वाचता आलं नाही. लकव्यानं खरोखर पुसलं गेलं होतं, की त्यानं शेवटचा भाव हातचा राखून ठेवला होता? वहिनी मध्ये पडल्या, "झालं की भाऊजी! देतो म्हनले न्हाईत का?"

"मला देनगी नको हुती वहिनी. माझं हुतं ते माझं म्हनायला पायजे हुतं."

"मग घेऊ नका."

"घेनार तर! का म्हनून सोडू?"

पाळी मी घेतली. वरच्या रानात पाणी गेलं, पुढं तिथं ऊसही झाला. शब्द मात्र मिळाला नाही. दादा त्यानंतर बरीच वर्षं होता. मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, त्यानंही विषय काढला नाही. ती गाठ माझ्यात तशीच आहे, आणि ती सुटली असं खोटं लिहिण्याचं मला कारण दिसत नाही.

शपथही मोडलेली नाही. त्या घरचं पाणी मी अजून पीत नाही. दारात गेलो की वहिनी चुलीवर भांडं ठेवतात, तवकीर कालवतात, चिमूटभर गूळ टाकतात. त्यांचे हात आता थरथरतात. झालं की पळी भरून माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, "बघा भाऊजी, मोडली का वळी?"

मी नीट बघतो. मोडली असली तरच वाटी हातात घेतो.